चांगल्या पाण्याची बरणी

मित्रांनो, जो तो माझ्याकडे बघतो. अरे, माझ्याकडे काय बघता? माझ्यातून बघायचे असते! मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे; पितळी मानेचा, थोडा गर्विष्ठ आणि फार चौकस.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. तिथून लाकडी पेटीत बसून मी रेल्वेने लोणंदला आलो आणि इथल्या एका महाविद्यालयाचा झालो. लोणंद म्हणजे कांद्याची मोठी बाजारपेठ, त्यामुळे माझ्या नशिबीही कांदाच आला. कांद्याच्या मुळाचे टोक कापायचे, लाल रंगात बुडवायचे, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हळूच दाबायचे आणि माझ्याखाली सरकवायचे. मग एका पेशीच्या दोन पेशी होताना दिसतात. ते बघून किती मुलांनी "आयला!" म्हटले म्हणून सांगू! मला दिवा नाही. खाली एक गोल आरसा आहे, तो खिडकीकडे वळवला की माझे भागते.

पुढे दिवे आणि कॅमेरे असलेली नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. वाईट वाटले. त्याहून जास्त कंटाळा आला, कारण कपाटात बघण्यासारखे काहीच नव्हते.

मला बाहेर काढले चारुशीला मॅडमनी. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू केलेल्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवण्यासाठी त्यांनी एक वर्ग सुरू केला होता. नवी यंत्रे या विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला प्राचार्य तयार नव्हते. "एक जरी तक्रार आली तरी वर्ग बंद," असेही त्यांनी बजावले होते. मॅडमनी माझ्यावरची धूळ जरा जोरातच झटकली.

वर्गात शेवटपर्यंत टिकले ते दोघे. एक सयाजी, सैन्यात भरती होण्याची तयारी करता करता तो मारामारीत सापडला होता. दुसरी मेढ्याकडची राणी. बांधावरच्या भांडणात तिने एकाला जबर जखमी केले होते. ती ते लपवत नसे. प्रयोगशाळेचे दार सताड उघडे असले, तरी कुणी "ये" म्हटल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे. तुरुंगाची सवय, दुसरे काय!

पण एकदा तिने माझ्या नळीला डोळा लावला की तिला उठवणे कठीण.

"मॅडम, आता दोन व्हायचं, हे त्या पेशीला कसं कळतं वो?" तिने एकदा विचारले.

"थोडंफार समजलंय, पण सगळं अजून कुणालाच नाही," मॅडम म्हणाल्या.

राणीला याचे फार नवल वाटले. ठाऊक नाही, असे मोठी माणसे मोकळेपणाने सांगतात, हे तिने पहिल्यांदाच ऐकले होते.

मग त्यांचा खरा प्रयोग सुरू झाला. जवळच्या एका गावाचा ओढा अलीकडे फेसाळ वाहू लागला होता आणि त्याचे पाणी गावच्या विहिरीत झिरपत होते. ते पाणी बाधते का, हे शोधायचे होते. एका बरणीत ओढ्याचे पाणी भरायचे, दुसरीत चांगले, उकळून गार केलेले. दोन्हींच्या तोंडावर कांदे बसवून मुळे पाण्यात सोडायची आणि कुठल्या मुळांच्या पेशी बिघडतात ते बघायचे. निष्कर्ष ऐकायला प्राचार्य आणि गावकरी येणार होते.

त्या दिवशी सकाळी सयाजी बघून मोकळा झाला. "दोनी सारकीच हायती. म्हंजे वड्याचं पाणी चांगलं हाय की!"

राणीने चांगल्या पाण्याची काचपट्टी माझ्याखाली सरकवली. निरोगी पेशीत रंगाने लाल झालेली गुणसूत्रे दोन्हीकडे सारखी वाटली जातात. इथे ती चिकटली होती, तुटली होती.

"चांगल्या पाण्यात असं का?" ती पुटपुटली. तिने माझा आरसा फिरवला, दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. तेच! मग तिने बरणी उचलून नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला.

फिनेल! तुरुंगात साहेब तपासणीला आले, की फिनेलचा वास यायलाच हवा. वास आला म्हणजे स्वच्छ. चांगल्या पाण्याची बरणीही तशीच चांगली हवी, म्हणून राणीने ती मुद्दाम फिनेलने धुतली होती. नंतर विसळलीही होती, पण तळाशी अंश राहिलाच. बिचारी मुळे त्यातच वाढली.

"सयाजी, आपलं चांगलं पाणीच खराब झालंय. त्याच्याशी वड्याचं पाणी ताडून काय उपेग?"

"गप बस की गं! आत काय शिकलो आपण? बघितलं तरी बघितलं न्हाई म्हणायचं. बोललीस तर वर्ग बंद. तुजा बी आणि माजा बी."

"आन् ती माणसं पाणी पीत बसतील, त्याचं काय?"

सयाजीने बरणी उचलून स्वतः हुंगली. मला मात्र काळजी लागली. राणी गेली तर माझ्यातून इतके निरखून बघणार कोण?

दुपारी सगळे जमले. प्राचार्यांनी विचारले, "काय दिसलं?"

राणी उभी राहिली. "दोन्हीकडं पेशी बिगडल्यात, साहेब. पण त्यावरनं वड्याचं पाणी चांगलं म्हणता यायचं न्हाई. चांगल्या पाण्याची बरणी मीच फिनेलनं धुतली. माजं चुकलं. तुमी बगा हवं तर."

प्राचार्य खुर्चीतून उठले, वाकले आणि कितीतरी वेळ माझ्यातून बघत राहिले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "आता पुढं काय करायचं?"

"आता प्रयोग पुन्हा करायचा. उद्यापासून," मॅडम म्हणाल्या.

राणीला ते खरेच वाटेना. "म्हंजे, मॅडम... मी उद्या येऊ?"

"तू नाही आलीस तर करणार कोण?" हे बोलले प्राचार्य. राणी पदरात तोंड लपवून रडली.

नव्या बरण्या नुसत्या पाण्याने धुतल्या गेल्या. या वेळी चांगल्या पाण्यात पेशी छान वाढल्या. ओढ्याच्या पाण्यात गुणसूत्रे तुटकीच निघाली. गावाने त्या विहिरीचे पाणी पिणे थांबवले आणि ओढ्यात काय मिसळते याचा शोध आता सुरू आहे. राणी त्यात आहे, सयाजीही आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. तुमच्या वर्गात कुणी उभे राहून "माझं चुकलं" म्हणाले, तर हसू नका. त्याला उद्या पुन्हा यायला सांगा.