राणीच्या रागाला पुरावा नाही

माझी सवत राणी होती. मरून आठशे वर्षं झाली म्हणून काय झालं, सवत ती सवतच! आमचे हे सकाळी उठले की तडक तिच्या खोलीत. म्हणजे तिचे कागद ज्या खोलीत पसरलेले असायचे तिथे. चहासुद्धा तिथेच मागवायचे. माझं डोकं दुखतंय का हे कधी विचारलं नाही, पण वेढा पडला तेव्हा राणी दोन वेळा जेवत असेल का, याची काळजी ह्यांना माझ्या हातचा घास तोंडात असताना पडायची.

चरित्र लिहायला घेतलं खरं, पण पुराव्याच्या नावानं आनंदच होता. दोन शिलालेख, त्यातला एक फुटका. एक नाणं. शत्रूच्या भाटानं तिला घातलेल्या शिव्या. आणि तिच्या दरबारात येऊन गेलेल्या एका परदेशी व्यापाऱ्यानं लिहिलेलं एक पान. नवऱ्यामागे जिनं राज्य राखलं, शेजारच्या दोन राजांना पाणी पाजलं, तिचं अख्खं पुस्तक एवढ्या भांडवलावर उभं करायचं होतं.

लग्नाआधी मी छापखान्यात प्रुफं तपासायचे, म्हणून लिहिलेलं सगळं माझ्या हाताखालून जायचं. ह्यांचा नियम कडक. प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीनं आकडा, ते वाक्य कोणत्या पुराव्यावरून आलं त्याचा. चार म्हणजे भाट, पाच म्हणजे व्यापारी. ज्या वाक्याला आकडा नाही त्यावर मी लाल काट मारायचे. "दयामाया दाखवू नकोस," असं हे स्वतःच सांगायचे. आणि दुपारी ते प्रकरण मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांचे डोळे गेले होते, पण कान असे तिखट की शेजारच्या घरातलं भांडण त्या घरबसल्या सोडवतील.

तर एका दुपारी मी वाचलं, की राणी भर दरबारात मान मागे टाकून खदखदून हसायची.

"अगदी पहिलीसारखी!" सासूबाई म्हणाल्या.

पहिली म्हणजे ह्यांची पहिली बायको. माझ्या आधीची, तापात गेली ती. मी या घरात आले तेव्हा तिचा साधा फोटोही भिंतीवर नव्हता. तिचा विषय कुणी काढायचं नाही, मीही काढला नाही. आणि आता ही बया पुस्तकात येऊन बसली, तीही मुकुट घालून!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघरात गेले, फळीवरचे झाडून सगळे डबे खाली काढले, पुसले, उंचीप्रमाणे परत लावले. मग ह्यांच्यापुढे कागद आपटला.

"अहो, हे हसणं कुठून आणलंत?"

ह्यांनी मान वर न करता समासावर बोट ठेवलं. पाच. मी व्यापाऱ्याचं पान काढून पाहिलं. त्या मेल्यानं खरंच लिहून ठेवलं होतं, राणी मोठ्यानं हसते म्हणून. काट मारायची सोयच नव्हती.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. मेलेलीशी भांडायचं तरी कसं? तिचे गुडघे दुखत नाहीत, तिचं मीठ कधी जास्त पडत नाही. मी जिवंत, ह्यांच्या ऱ्हस्व-दीर्घापासून सदऱ्याच्या बटणापर्यंत सगळं निस्तरणारी, पण माझ्या वाट्याला एक ओळ नाही. जळले मी, अगदी खरं सांगते, जळून कोळसा झाले.

पुढची प्रकरणं हातात घेतली ती सूड म्हणूनच. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं, तशी मला पानोपानी तीच दिसायला लागली.

'राग राणीच्या नाकावर असे. रागावली की ती कोठारात जाई, सगळी मडकी खाली उतरवी आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा रचत बसे. तेवढा वेळ तिच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नसे.' आकडा? नाही. हे काय मडक्यामागे लपून बसले होते? काट!

'शंभर ओळींत एक चूक असली तरी तिची नजर नेमकी तिथे जाई.' आकडा? नाही. किती ते कौतुक! काट.

'तिच्याशिवाय राज्य एक दिवस चाललं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नाही.' यावर तर मी दोनदा काट मारली. कागद फाटला.

ह्यांनी ती लाल झालेली पानं शेवटपर्यंत उलटून पाहिली.

"इतकं?"

"पुरावा दाखवा, ठेवते."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि कागद छापखान्यात गेले. मी जिंकले. त्या दिवशी मी चांगली दोन घास जास्त जेवले.

पुस्तक छापून आलं. मी सासूबाईंच्या पलंगाशी बसून वाचायला घेतलं. ते प्रकरण संपलं तशी त्या म्हणाल्या, "आणि ते कोठारातलं गं?"

"कोठारातलं काय?"

"मडकी उतरवते ते. तू बाजारात गेली होतीस तेव्हा त्यानं मला वाचून दाखवलं होतं. हसून हसून पोट दुखलं माझं. कुठे गेलं ते?"

"काढलं. पुरावा नव्हता." आणि मग माझ्या तोंडून सुटलंच, "पहिलीच्या रागाच्या आरत्या मी कशाला छापू देऊ?"

"पहिलीचा राग?" सासूबाई उठूनच बसल्या. "अगं, ती गाय होती गाय. तिला राग आलेला मी कधी पाहिला नाही. या घरात डबे कोण उतरवतं? मी इथे पडल्यापडल्या ऐकत असते ना!" आणि त्या हसायला लागल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!"

मला हसू आलं नाही. पुस्तक तसंच हातात घेऊन ह्यांच्या खोलीत गेले. पहिलीचं हसणं त्यात छापलेलं होतं. पाच नंबरचा पुरावा होता ना त्याला! माझं मी काहीच ठेवलं नव्हतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.

"अहो, तोंडानं सांगता येत नव्हतं?"

कशाबद्दल, हे ह्यांनी विचारलं नाही.

"तू पुरावा मागितलास," हे म्हणाले. "मला वाटलं, तुला आवडलं नाही."

मी स्वयंपाकघरात आले. फळीवरचा पहिला डबा खाली घेतला, आणि तोच पोटाशी धरून रडत उभी राहिले.

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, "का गं, आज एकच?"