एका माणसाचा भात

शरदिनीबाई मोघ्यांच्या डब्यात रोज फोडणीचा भात असायचा. उपासाचा दिवस सोडला तर रोज, अगदी न चुकता. स्टाफरूममध्ये त्यावरून थट्टा चालायची आणि बाई म्हणायच्या, "आमच्याकडे आवडतो." आता आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? दूर हिंदी मुलखात, संकठा घाटाजवळच्या गल्लीत दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत बाई एकट्या. यजमान जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा कुणाल पुण्यात. तो रविवारी फोन करायचा, तेवढी वीस मिनिटं मराठी. बाकी आठवडाभर तोंडात हिंदीच. सहावीला गुणोत्तर-प्रमाण शिकवणाऱ्या या बाईंना संध्याकाळी एका माणसाचे तांदूळ काही घेता येत नसत. हात आपला दोघांचे घ्यायचा.

जुलैत शाळेच्या नव्या प्राचार्या, निवेदिता मिश्र, यांनी एक नवीनच टूम काढली. सहावी ते आठवीच्या मुलांचे बारा-बाराचे गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक, आणि दर बुधवारी पहिला तास निव्वळ गप्पांचा. पुस्तक उघडायचं नाही. शाळेत प्रत्येक मुलाला मन मोकळं करायला एक तरी मोठं माणूस हक्काचं हवं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पंधरा दिवसांनी एकदा मुलाच्या घरी फोन. आणि एक नियम होता: प्रश्न विचारला की आधी मोठ्यांनी उत्तर द्यायचं, तेही खरं.

"नसती उठाठेव," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. पण बुधवारी तेरा खुर्च्या गोल मांडून बसल्या. प्राचार्यांनी दिलेल्या प्रश्नांच्या कार्डावर पहिलाच प्रश्न होता, काल रात्री कोणाबरोबर जेवलात?

चोवीस डोळे बाईंकडे लागले. खरं सांगायचं तर टीव्हीबरोबर. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "मुलगा, सून, नात, सगळे होतो. पुऱ्या केल्या होत्या. नातीनं श्रीखंड नाकाला लावून घेतलं." अगदीच खोटं नव्हतं हो ते! दिवाळीत चार दिवस आले होते की सगळे. बाईंनी फक्त दिवाळी कालच्या रात्रीवर आणून ठेवली.

मग मुलं बोलत सुटली. ओजसकडे सतरा माणसं जेवायला, कुणाच्या आजोबांचे दात वाटीत. शेवटी ईशानी कोल्हे. भुसावळहून वडिलांच्या बदलीमुळे आलेली, वर्गात मान खाली घालून बसणारी पोर. एवढ्या शाळेत मराठी घरची ती एकटीच, पण बाई तिच्याशीही हिंदीच बोलायच्या; एका मुलीशी वेगळं बोललं तर बाकीच्यांना काय वाटेल म्हणून. "आई, बाबा आणि मी," ईशानी म्हणाली. "आई वाढते."

शनिवारी बाईंनी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर फोन लावला. वडील विश्वेश कोल्हे रेल्वेत इंजिन चालवतात. ते ड्यूटी संपवून मुगलसरायला टेकले होते.

"ईशानीच्या आईंशीही बोलले असते जरा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, आई नाहीये तिची. मागच्या वर्षी गेली. मी ड्यूटीवर असलो की शेजारचे लक्ष ठेवतात, पण कुकर लावून जेवते ती एकटीच. कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, तुझ्या त्या मॅडम मराठी आहेत, त्यांना सांगत जा. तर म्हणते, त्यांचं घर माणसांनी भरलेलं आहे, त्यांना काय कळणार?"

फोन ठेवला तरी बाई तिथंच बसून राहिल्या. स्वतःची शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती. ती पोर गप्प होतीच. आता तिच्या तोंडाला कुलूप आपण घातलं. काढायचं तर बारा मुलांपुढे खरं बोलायला हवं, आणि मुलांना सांगितलेलं दुपारपर्यंत सगळ्या शाळेत होणार. "बिचाऱ्या मोघे मॅडम!" हा शब्द कानावर पडू नये म्हणून तर चार वर्षं धडपड चालली होती.

बुधवारी त्यांनी तेच कार्ड काढलं. "मागच्या वेळी मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मी एकटी जेवते. रोज."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "मग खोटं का सांगितलंत?" ओजसनं विचारलं.

"लाज वाटली."

पुन्हा एकेकाची पाळी सुरू झाली. बाईंचं लक्ष एकाच खुर्चीकडे. ईशानीनं फरशीकडे बघत म्हटलं, "आई, बाबा आणि मी." आणि तास संपला.

मुलं निघून गेली. तेरा खुर्च्यांमध्ये बाई एकट्याच उरल्या. सगळ्यांपुढे स्वतःची शोभा करून घेतली आणि हाती काय लागलं? काही नाही. रडू आवरत त्या खुर्च्या भिंतीशी लावू लागल्या.

"बाई."

दारात ईशानी. विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला आली होती. तिनं आजवर कधी बाई म्हटलं नव्हतं. बाटली उचलली आणि मराठीतच विचारलं, "एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे?"

अर्धी वाटी! गणिताच्या बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"मोठ्यांनी खरं सांगायचं," ईशानी म्हणाली.

बाई खुर्चीत बसल्या. "मला नाही गं जमलं अजून. चार वर्षं झाली, माझा रोज उरतो. सकाळी फोडणी देते आणि डब्यात आणते."

ईशानीनं बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "माझा पण उरतो," ती म्हणाली. "मी टाकून देते. बाबांना दिसायला नको म्हणून."

बाहेर दुसरा तास सुरू झाला. बाईंनी शेजारची खुर्ची जवळ ओढली आणि पिशवीतून डबा काढला.