ताकदीची गोळी

मेघनाने पाकिटातून गोळी दाबून काढली, घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि ओट्याला पाठ टेकून खालीच बसली. आता अंग जागं होईपर्यंत काही बोलायचं नाही, काही उचलायचं नाही. सकाळपासून ती उठली होती, तिने दात घासले होते आणि ती दमली होती. एवढंच काय ते झालं होतं.

खाटेवर पेटी पुढ्यात घेऊन बसलेले तिचे सासरे, लवूबुवा, तिच्याकडे बघत होते.

"फिरली काय गो चावी?"

"फिरतेय, बाबा."

"फिरली की सांग. चहाची वाट बघतंय."

ती हसली. लालबागच्या त्या घरात तिच्या आजाराची थट्टा करायची मुभा फक्त त्यांनाच होती. ल्युपस हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. पण शेजारणीने एकदा सुनेला आळशी म्हटलं, तेव्हा गॅलरीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुनावलं होतं, "गिरणीत पाळये केलंय मी. दमलेला माणूस माका पाठीवरना कळता."

ही गोळी देण्याआधी परळच्या डॉक्टरीणबाईंनी मेघनाच्या हृदयाचा आलेख काढून घेतला होता. म्हणाल्या होत्या, "ही थकवा घालवत नाही. तो तुम्हाला कळू देत नाही, एवढंच. जपून घ्यायची आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही." हे तिने घरी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर राजेशने, तिच्या नवऱ्याने, त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं असतं. मग शाळेत तिसरीच्या वर्गापुढे ती उभी कशी राहणार होती? ताकदीची गोळी आहे, असं सांगून ती मोकळी झाली.

ताकदीची म्हटल्यावर गोळ्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या. घरातलं सगळ्यांचं औषध त्याच डब्यात असे. मजल्यावरचं कुणीही कंबर धरून आलं की लवूबुवा डबा उघडत, आपली गोळी काढून देत आणि म्हणत, "माका गुण इलो, तुका येतलो." मेघना सुरुवातीला भांडली, मग तिने नाद सोडला.

हल्ली मात्र बुवांचाच जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी चाळीच्या पूजेला डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने भजनाची बारी म्हणणार आणि एकमेकांना चिमटे काढणार. समोर होता माझगावचा विकासबुवा, निम्म्या वयाचा. म्हातारा आता आरतीपुरताच उरला, असं तो म्हणाल्याचं कुणीतरी बुवांच्या कानावर घातलं होतं. हृदयाच्या तुंबलेल्या नळीत जाळी बसवल्यापासून बुवांना गजर पेलत नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा गजर धरला, आवाज वर नेला आणि मध्येच पेटीचा भाता मिटला. धाप आवरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

चावी फिरली तशी मेघनाने उठून चहा केला, भांडी घासली आणि कालच घासलेली समई पुन्हा घासायला घेतली. तोंडाची टकळी चालूच होती.

"काय खाल्लंस?" बुवांनी विचारलं.

"भूकच नाही. ही घेतली की तोंड कोरडं पडतं नुसतं."

"आणि दम?"

"लागतो हो. पण कळत नाही."

बुवांनी मान हलवली. नवा ताल शिकताना हलवावी तशी.

रविवारी शाळा नसे, म्हणून ती गोळी घेत नसे. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. बुवांनी काळ्या वाटाण्याचं सांबार ताटात तसंच ठेवलं. मग झांजा पुसल्या, पुसलेल्या परत पुसल्या, आणि गावच्या देवळातल्या भजनांच्या गोष्टी सांगत राहिले. बारीची घाई असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली. खाली अंगणात बुवांनी गजर धरला आणि सगळी चाळ उठून उभी राहिली. आवाज वर गेला, तिथे थांबला, आणखी वर गेला. पखवाजावरचा चंदू त्यांना गाठता गाठता घामाने निथळला. "बुवा परत इले रे!" कुणीतरी ओरडलं. मेघनाला रडूच आलं. किती दिवसांनी त्या माणसाला असं बघत होती ती!

मग तिला दिसलं, की बुवा सारखी ओठांवरून जीभ फिरवतायत. पाण्याचा पेला भरला जातोय आणि रिकामा होतोय. तिला काळे वाटाणे आठवले, झांजा आठवल्या, समई आठवली.

भिंत धरत ती आत गेली. डबा उघडाच होता. पाकिटातल्या गोळ्या कमी झाल्या होत्या.

जिन्यात तिला दोनदा बसावं लागलं. अंगणात पोचली तेव्हा विकासबुवाची बारी संपत आली होती. ती सासऱ्यांपुढे कोसळल्यासारखी वाकली. पाया पडतेय असं वाटून बायका कौतुकाने म्हणाल्या, "सून असावी तर अशी."

तिने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, माझी गोळी घेतलीत?"

"दुपारी एक. बरी फिरली गो चावी." त्यांचे डोळे लखलखत होते. "आताच्या बारीसाठी आणखी एक घेतलंय. दुपारी छातीत जरा दुखा होता, तां पण कळणा नाय आता."

"बाबा, उठा. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"गुळयेक घाबरतंस? ताकदीचीच ना ती? तूच सांगलंस."

तिने राजेशला हाक मारली. तो माइकजवळ मोबाइल उंच धरून बापाचा व्हिडिओ काढत होता. तिच्या आवाजात जोरच नव्हता, तो टाळ्यांत बुडून गेला.

"सोड गो. पेटी धरूची हा माका."

तिने मनगट सोडलं नाही. चंदूने पखवाजावर थाप दिली, मग ताल धरला. तिच्या बोटांखालचा नाडीचा ठोका केव्हाच त्या तालाच्या पुढे निघून गेला होता.