काउंटचा गळा

इटलीतल्या बेर्गामोच्या वरच्या पेठेतला काउंट अल्बोर्गेत्ती चित्रासाठी चित्रकार बोर्तोलोपुढे खुर्चीत बसला आणि पहिल्याच दमात म्हणाला, "बोर्तोलो, हा गलगंड दिसता कामा नये."

गलगंड चांगला नासपतीएवढा होता. इथल्या पाण्याची देणगी, हमालाला मिळते तशीच काउंटलाही. हमाल तो उघडा ठेवून ओझी वाहतो, काउंट गळपट्टीच्या झालरीवर टेकवून मिरवतो, एवढाच फरक.

"मग दुसऱ्या कुणाकडे जायचं होतं, साहेब."

"पोरीच्या आईनं तुझंच नाव सांगितलंय ना!"

काउंटने जिच्या पोरीला मागणी घातली होती, खोऱ्यातल्या त्या विधवेची अटच होती. जावयाचं चित्र बोर्तोलोनेच रंगवायचं आणि तिचा खेचरवाला ते थेट त्याच्या घरातून नेणार. वीस वर्षांत बोर्तोलोने कुणाचा चामखीळसुद्धा झाकला नव्हता.

"झालर हनुवटीपर्यंत ओढ," काउंट म्हणाला, "नाहीतर या पेठेतलं एकही घर तुझ्यापुढे बसणार नाही."

घरी बायको पास्क्वा मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटत होती. "ओढा की! कापडच तर आहे."

"आज गळा झाकला, तर उद्या नाक बदलून मागतील."

"आणि परवा आपण काय खायचं? पोलेंत्याला तुमचा खरेपणा लावून?"

बोर्तोलो कुंचले घेऊन बसला. तीन दिवस खपून त्याने झालरीचा धागा न् धागा रंगवला. झालर जिथे होती तिथेच ठेवली. तिच्यावर गलगंड, त्यावर डावीकडून मस्त ऊन. ओल्या रंगाचं चित्र खेचरावर चढलं. पंधरा दिवस बोर्तोलोला घास गोड लागला नाही.

सोळाव्या दिवशी काउंट लालबुंद होऊन दारात उभा. "सगळा रंगवलास?"

"होता तेवढाच, साहेब."

काउंटने पत्र पुढे फेकलं. विधवेने लिहिलं होतं: 'याआधी तिघं आले. चित्रात मान सरळसोट, दारात गलगंड. तिघांनाही हाकललं, गळ्यासाठी नव्हे, खोटेपणासाठी. तुमचा चित्रातच दिसला, तुम्ही या. माझ्या पोरीचे पुढचे दोन दात नाहीत. बोर्तोलोला पाठवा, तोंड उघडं ठेवून हसताना रंगवू दे. मागाहून तक्रार नको.'

काउंटचा आवाज एकदम खाली आला. "बोर्तोलो, तिला दात तरी घाल रे!"

आतून पास्क्वा ओरडली, "तोंडाला झालर लावा म्हणावं!"