लेगस्पिनचा उद्धारकर्ता

इंग्लंडात लेगस्पिनचा गळा कुणी घोटला, हे शैलेंद्रला तोंडपाठ होतं: भित्र्या कॅप्टनांनी. एक सिक्स बसली की बोलरला सीमारेषेवर हाकलायचं आणि वर आमच्याकडे लेगस्पिनर तयारच होत नाहीत हो, म्हणून रडत बसायचं! इंग्लंडशेजारच्या बेटावर, क्लोनडॉकिनच्या त्याच्या क्लबातही तीच तऱ्हा. कॅप्टन नायजेल मूळचा यॉर्कशायरचा. पुण्यात लेगस्पिन शिकून आलेल्या शैलेंद्रला तो चहाच्या आधीची एकच ओव्हर द्यायचा, तीही उपकार केल्यासारखी.

यंदा नायजेलचे गुडघे गेले. तो अंपायर झाला आणि शैलेंद्र कॅप्टन.

"आता इंग्लंडवाले इथे शिकायला येतील," असं ग्रुपवर जाहीर करून त्यानं नागपूरहून नव्यानं आलेल्या लेगस्पिनरला, डॉक्टर यशोधनला, पहिल्याच मॅचमध्ये बोलिंग दिली. यशोधननं रिवाजाप्रमाणे स्वेटर काढून अंपायर नायजेलकडे सोपवला, त्यानं तो कमरेला बांधला. अंपायरनं तो परत केला की आपली बोलिंग संपली, हे शैलेंद्रइतकं कुणाला ठाऊक असणार?

पहिला बॉल हातभर वळला. शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यावर सिक्स बसली. तिसऱ्यावरही.

ओव्हर संपताच शैलेंद्र धावत आला आणि यशोधनच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "मस्त टाकलीस रे, एकदम ग्रँड! पण वारा बघ ना कसला सुटलाय. चहाच्या आधी तुला परत आणतो, नक्की."

यशोधनचा स्वेटर नायजेलनं दुसऱ्या सिक्सलाच कमरेवरून सोडून हातात धरून ठेवला होता.