ओळीच्या शेवटची रिकामी जागा

मृत्युंजयने आणखी एका फायलीत ओळींच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या जागा पुसल्या आणि बदल पाठवून दिला. प्रोग्राम आधीही चालत होता, आताही तसाच चालणार होता. फक्त जरा नेटका दिसणार होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे त्यालाही कळत होतं.

जगभरची माणसं मिळून फुकट लिहीत असलेलं ते सॉफ्टवेअर. त्यात कोणता बदल घ्यायचा ते मारेक ठरवायचा. तो पोलंडमध्ये कुठेतरी राहत होता. त्याचं उत्तर लगेच आलं.

‘पुन्हा तेच? नुसत्या दिसण्यासाठी जुन्या ओळींना हात लावू नका. उद्या चूक सापडली तर तिथे शेवटचा बदल करणारा म्हणून नाव तुमचं दिसेल. मूळ लिहिणाऱ्याला शोधायचं कुठे?’

मृत्युंजय खुर्चीत सरसावून बसला. ‘खरकट्या ताटातही जेवता येतं,’ त्याने लिहिलं, ‘म्हणून कुणी ताट घासायचं सोडत नाही.’

शेजारच्या साखराबाई वरणाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. आई गेल्यापासून त्या अधूनमधून डोकावत. आईच्या आजारपणात तो पुण्याहून गावी, लोह्याला आला आणि परत जायचं राहूनच गेलं. नोकरीचं काम घरूनच चाले, तिथे कामापलीकडे कुणी बोलत नसे.

“कोनाशी भांडून राहिलास रे?”

“हाय एक, काकू. लई हट्टी हाय.”

“मंग सोड की नाद.”

“न्हाई. त्याला पटवूनच सोडतो.”

त्या हसल्या, वाटी ठेवून गेल्या. घर पुन्हा गप्प झालं. या घराचा त्याला खरोखर कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारेकचा निरोप आला. ‘तुमचं बरोबर आहे. ही सफाई आपोआप करणारं एक साधन बसवायचं ठरवलंय. मूळ लिहिणाऱ्यांची नावंही तशीच राहतील. कुणाचा आक्षेप नसेल तर आजच बसवतो. म्हणजे यावर तुम्हाला-मला पुन्हा एक शब्दही बोलावा लागणार नाही. आभार.’

वाटी न्यायला आलेल्या साखराबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय झालं रे?”

“जिंकलो, काकू.”

“मंग असं तोंड का करून बसलास?”

त्याने वाटी धुऊन त्यांच्या हातात दिली. त्या गेल्यावर त्याने मारेकचा निरोप पुन्हा वाचला आणि खाली लिहिलं, ‘माझा आक्षेप आहे.’

कारण काय द्यावं, ते त्याला सुचेना. त्याने तसंच पाठवून दिलं.