एका पानाला एक गोळी

रसायनशास्त्राचा मला असा तिटकारा, की पुस्तक बघूनच मी पळ काढायचे. आणि व्हायचं होतं गुरांची डॉक्टर! राजधानीच्या, बिश्केकच्या प्रवेशपरीक्षेत नेमका तोच विषय. नापास झाले असते तर जन्मभर आमच्या कोचकोर गावात मेंढ्यांमागेच.

दादाची नवी नवरी, सायराकुल वहिनी, एकदा म्हणाली, "नुरझात, कुरुत खाणार?"

दह्याच्या त्या आंबट-खारट वाळक्या गोळ्यांवर माझा भारी जीव.

"मग पुस्तक उघड. नुसतं उघड. माहेरी बुजऱ्या शिंगराला लगाम दाखवला की मीठ चाटवायचे. महिन्याभरात आपणहून यायचं."

"मी काय शिंगरू आहे?"

"शिंगरू बरं गं, ते इतकं तोंड चालवत नाही."

आधी पुस्तक उघडलं की एक गोळी, मग पानाला एक, मग गणित सुटलं की एक. पुस्तक मिटलं की कुरुतची पिशवी कुलपात! आमच्याकडे पोर दारावरून गेलं तरी बायका मूठभर कुरुत खिशात कोंबतात; पण त्या वर्षी शेजारच्या कालिपा आजीनंही हात आखडला.

"सगळ्या चिक्कू, आणि तू सगळ्यांत चिक्कू!" मी वहिनीला तोंडावर म्हटलं.

"बरं बाई, चिक्कू. पुढचं गणित?"

वसंत येईतो पुस्तक दिसलं की तोंडाला पाणी सुटायला लागलं. एकदा तर गणितात अशी रमले, की गोळी घ्यायचीच विसरले. शप्पथ! परीक्षेत पहिली आले.

घरी मेजवानी झाली. मला मानाच्या जागी बसवलं. वहिनी सुनेच्या रिवाजानं दाराशी चहा ओतत होती. कालिपा आजी म्हणाली, "सूनबाई, आता तरी देऊ ना हिला कुरुत?"

"म्हणजे?" मी विचारलं. मग आजीनंच सांगितलं. नव्या सुनेनं थोरांपुढे तोंड उघडू नये, आणि ही घरोघर जाऊन विनवत होती, 'बाहेर फुकट मिळालं तर पुस्तकाची ओढ लागणार नाही, देऊ नका.' गावानं तिला 'चिक्कू सून' नाव ठेवलं. आमच्यात याहून मोठी शिवी नाही. ती शिवी तिच्या माहेरापर्यंत पोचली होती.

"मला सांगितलं का नाहीस?" मला रडू आवरेना.

"सांगितलं असतं, तर माझी कीव येऊन तू गोळ्यांचा नादच सोडला असतास, आणि पुस्तकाचाही."

मी उठले, तिच्या हातातली किटली घेतली आणि तिला ओढत माझ्या जागी नेलं.

"अगं सोड, सासूबाई बघतायत!"

"बघू देत. पहिली तू आलीस."

आईनं सरकून सुनेला शेजारी जागा केली.